लॉगबुक

तेराव्यानंतर मरोळच्या शेडमधलं
लोखंडी कपाट उघडलं.
वर रबराचे नमुने, विक्रीकराच्या फायली,
बर्फीच्या जुन्या डब्यात फ्यूज आणि सुटी नाणी.
अगदी खाली, ब्राऊन पेपरात गुंडाळलेलं
निळ्या कापडी बांधणीचं लॉगबुक.
वैमानिक: हेमचंद्र रामकृष्ण चुरी.

जुहू ते नाशिक. जुहू ते पुणे.
मग सांताक्रूझ ते भुज, डकोटा,
तास, मिनिटं, प्रवासी.
शेरा या रकान्यात बहुतेक एकच शब्द: ठीक.
एकदा फक्त,
"डाव्या इंजिनातून तेल गळाले. उतरलो. ठीक."

आई सांगायची, लग्नात सगळे त्यांना कॅप्टन म्हणत होते
आणि चार वर्षांनी शेजारीण विचारू लागली,
हल्ली दिवसाही घरीच असतात का हो?
डावा कान.
मेडिकलच्या खोलीत डॉक्टर
मागे उभा राहून काहीतरी पुटपुटला
आणि अण्णांना ते ऐकू आलं नाही.
काय पुटपुटला असेल?
एखादा आकडा, एखाद्या गावाचं नाव.

मग वॉशर.
केळव्याचे काका पोट धरून हसले,
"विमानातून उतरलास तो थेट नळात?"
अण्णा म्हणाले, विमानातही असतात.
पहिली खेप पंपवाल्याने परत पाठवली
अर्ध्या मिलिमीटरसाठी.
त्या रात्री ते आणि इस्माईल साचेवाले
चार हजार वॉशर एकेक करून मोजत बसले,
आईने दोनदा पिठलं टाकलं,
सकाळी त्यातले अकराशे फेकले.

मला आठवतात ते तिथले.
चष्मा कपाळावर, हाताला जळक्या रबराचा वास
जो लाइफबॉयनेही जायचा नाही.
कामगार उचल मागायला
त्यांच्या उजव्या बाजूला उभे राहायचे.
संपाच्या वर्षी सगळे मुद्दाम डावीकडे उभे राहिले.

घरातून निघताना दारात थांबून मोठ्याने:
गॅस? नळ? मागची खिडकी? किल्ली?
आम्ही ओरडायचो, बंद, बंद, बंद, आहे!
त्याशिवाय चुरींचं कुटुंब
साध्या लग्नालाही निघालं नाही.
पार्ल्यात आमच्या गच्चीवरून विमानं जायची,
सगळ्यांचं बोलणं तुटायचं.
अण्णा वर बघत नसत.
कप बशीत आवाज न करता ठेवत, इतकंच.

शेवटचं उड्डाण, मग दोन कोरी पानं.
मी मिटणार होते.
तिसऱ्या पानावर तेच रकाने, तेच मुंगीचं अक्षर:

"पार्ले ते वाडिया. फियाट. ५५ मिनिटे.
प्रवासी जाताना दोन, येताना तीन.
शेरा: धाकटी. फार रडते. ठीक."

"पार्ले ते केळवे. वडील.
उशिरा पोहोचलो."
इथे ठीक नाही.

"मरोळ ते पार्ले. पायी. १ तास १०.
फियाट विकली. पगार वाटले."
आम्हाला सांगितलं होतं, गॅरेजला टाकलीय.

"पार्ले ते सहार. टॅक्सी.
प्रवासी जाताना चार, येताना तीन.
थोरला ह्यूस्टनला.
वारा पश्चिमेचा. उड्डाण वेळेवर, चढ चांगला."
म्हणजे त्या रात्री पार्किंगमध्ये
आम्ही त्यांना शोधत होतो तेव्हा
ते वर बघत होते.

शेवटची नोंद थरथरती, ओळीखाली घसरलेली.
"हॉस्पिटल ते घर. मी मागच्या सीटवर.
धाकटी चालवते. ब्रेक उशिरा लावते.
ठीक."

मी तिथेच स्टुलावर बसले,
ब्रेकबद्दल भांडायला कुणी नव्हतं.
इस्माईलचाचांचा मुलगा केव्हा आत आला कळलं नाही,
डिलिव्हरी चलन घेऊन उभा होता
माझ्या उजव्या बाजूला,
बापाकडून आलेल्या सवयीने.
म्हणाला, पंपवाल्यांचा टेम्पो आलाय, देऊ?

मी म्हटलं, मोजलेत?